मैनेला सलामी

"मग देवळाची चोरी भाषणात आधी घेऊ की शेवटी?"

केंगारनं दस्तगीर उस्तादांना विचारलं. ते ओल्या फडक्यानं मैनेचे कान पुसत होते.

पोलीस श्वानपथकाची कुत्री मैना काल पहाटे गेली होती. झेंडूच्या माळा घातलेल्या फळीवर ती नुसती निजल्यासारखी दिसत होती. अर्ध्या तासानं मैदानावर तिला सलामी व्हायची होती.

हवालदार केंगारच्या हातात नऊ वर्षं तिची दोरी होती. दोघांनाही उस्तादांनीच तयार केलेलं. गडी कामाचा, पण मिशीला पीळ आणि जिभेला त्याहून जास्त.

"शेवटीच घेतो," केंगार म्हणाला. "पदक त्याच कामाचं. हे बघा, लिहिलंय... मी मैनेला घेऊन थेट सरपंचाच्या गोठ्यात शिरलो आणि वैरणीखालून देवीचा मुकुट काढला."

"थेट?"

"...हो."

"दोरी कुणी ओढली?"

"मैनेनं."

"आणि तू?"

उस्ताद पहिल्याच दिवशी बजावायचे, मागावर असताना दोरी ओढायचा हक्क कुत्र्याचा; माणसानं फक्त पाय उचलायचे.

"तीनदा..." केंगार पुटपुटला. "गावाबाहेर भटक्यांची पालं होती. अख्खं गाव काठ्या घेऊन माझ्या मागं. मलाही वाटलं, चोर दुसरा कोण असणार? तीनदा ओढली तिला पालांकडं. ती खाली बसली, उस्ताद. गळा आवळला, तरी उठली नाही."

"हे लिहिलंयस?"

"सगळ्यांदेखत? साहेब आहेत, माझ्या हाताखालची माणसं आहेत... काय राहील माझं?"

"मैना केवढी होती ते सांगायचंय ना? मग तू केवढा होतास तेही सांगावं लागेल."

"उस्ताद, आज नको..."

उस्तादांनी त्याच्या हातातला कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि मैनेच्या पंज्याखाली सरकवला.

"घे काढून. होत असेल तर."

केंगारनं हात पुढं केला. पंजा थंडगार होता. नऊ वर्षांत या पंज्यानं त्याला किती वेळा उठवलं होतं! त्याला हुंदका आला, आणि त्यानं हात मागं घेतला.

मैनेची फळी मैदानावर आणली, आणि माईकसमोर तो रिकाम्या हातानं उभा राहिला.

"मैनेनं तेवीस गुन्हे उघडकीला आणले," तो म्हणाला. "चोविसावा माझा होता. तो तिनं होऊ दिला नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं. तीनदा ओढलेली दोरी, मागच्या काठ्या, पालांतली लेकरं... काही राखून ठेवलं नाही.

बोलता बोलता त्याची नजर फाटकाकडं गेली. पालांतली माणसं मैनेसाठी बारा कोस तुडवत आली होती. पास नाही म्हणून सकाळपासून बाहेर ताटकळत होती. तिथं थांबवायला त्यानंच सांगितलं होतं.

"फाटक उघडा!" तो माईकवरूनच ओरडला.

पहारेकऱ्यानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मान हलवली, आणि फाटक सताड उघडलं.

सगळ्यांच्या पुढं पालांतली शेवंताआजी. तिनं मैनेच्या अंगावर आपलं घोंगडं पांघरलं, कपाळाला कपाळ लावलं आणि म्हणाली, "लई मोठी झालीस गं बाय!"

साहेबांचा हात टोपीकडं गेला. बंदुकांचे तीन बार कडाडले. खाकीतले चारशे आणि पालांतले साठ, सगळे एका ओळीत ताठ उभे होते. असा थाट त्या मैदानानं कुणा साहेबालाही दिलेला नव्हता. केंगार ढसाढसा रडत होता आणि त्याची छाती अभिमानानं भरून आली होती.

तो मैनेच्या फळीसमोर परतला तेव्हा दस्तगीर उस्तादांनी टाचा जुळवल्या आणि त्याच्यासमोर कडक सलाम ठोकला.

केंगार गडबडला. "उस्ताद... मला?"

"तुला कुठं? मैनेला केला. मध्ये तू आलास, त्याला मी काय करणार!"