काठावरची कढई

फार जुनी गोष्ट आहे, नदीवर होड्या होत्या आणि पूल अजून कुणाला सुचला नव्हता तेव्हाची.

एका नावाड्याच्या घरी नवी सून आली. तिच्या आईने पाठवणीत दागिन्यांऐवजी एक लोखंडी कढई दिली. ती होडीत चढवताना नवरा म्हणाला, "नवरी हलकी आहे, माहेरच भारी दिसतंय."

त्या कढईत तिच्या माहेरी होड्यांचा लेप कढत असे. राळ, जवसाचं तेल आणि शिंपल्यांचा चुना. फळ्यांच्या सांध्यांत तो भरला की वर्षभर थेंब आत येत नसे. निघताना आईने बजावलं होतं, "मागेल त्याला शिकव. पण कढई नदीकाठी मांड, चारचौघांदेखत. आणि घेणाऱ्याकडून आधी शब्द घे, की तोही काठावरच कढवेल, मागेल त्याला शिकवेल आणि त्यात नवं काही घातलं तर तेही दाखवेल."

सासरी लेप मागायला पहिले आले ते मामेसासरे, गावचे सुतार. सून दाराआड उभी, पदर कपाळापर्यंत. थोरल्या माणसाकडून शब्द कसा मागायचा? तोही महिनाभराच्या सुनेने? तिने चुलीपाशीच, दार लोटून, सगळं दाखवलं. अट तेवढी गिळली.

"गुणाची गं पोर! काही म्हणजे काही मागत नाही," मामा म्हणाले. तिला बरं वाटलं. पुढे कितीतरी दिवस बरं वाटत राहिलं.

सुतार हुशार होते. त्यांनी लेपात कसलासा चीक मिसळला आणि लेप तीन तीन वर्षं टिकू लागला. पण कढवायचे ते आतल्या खोलीत, कडी लावून. सगळं गाव होड्या त्यांच्याकडेच नेऊ लागलं. तिच्या नवऱ्यानेही नेली. कढई परसात पालथी पडली आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या.

एकदा धीर करून तिने विचारलं, "मामा, त्यात घालता काय?"

"ते माझं आहे, सूनबाई."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तू दिलंस की! माझा शब्द घेतला होतास का?"

सून आल्या पावली घरी परतली. गप्प बसण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

मग एका थंडीत सुतार बसल्या बसल्या गेले. चीक कशाचा, ते त्यांनी पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतं.

काही महिन्यांनी होड्यांचे सांधे उकलू लागले. सुनेने कढई घासली, काठावर नेऊन मांडली आणि आईचा लेप कढवला. पण मामांच्या लेपावर तो धरेना. वाळला की कांद्याच्या सालीसारखा सुटून येई. खाली काय आहे हेच ठाऊक नाही, तर त्यावर काय चिकटेल हे कोण सांगणार? खरवडायला जावं तर फळीच सोलून निघे.

पलीकडच्या काठावर माणसं खोळंबली होती. नवरा निघाला.

"नका जाऊ," ती म्हणाली.

"करवंटी घेतलीय ना. येईल पाणी, उपसेन. तू भाकऱ्या टाक, आलोच."

भाकऱ्या झाल्या. गार झाल्या. काठाला आलं ते वल्हं तेवढं.

वर्षाने सुताराचा मुलगा आला. जुन्या होड्या मोडून कोऱ्या फळ्यांच्या नव्या बांधायच्या होत्या. "वहिनी, तुमच्या आईचा लेप शिकवाल?"

ती काठावर कढईपाशी बसली होती. भोवती सारं गाव. "आधी शब्द दे," ती म्हणाली, आणि आईची अट तिने मोठ्याने, एकही अक्षर न गाळता सांगितली.

त्याने मान खाली घालून शब्द दिला.

"केवढी धीट झाली गं ही!" गर्दीतली एक म्हातारी पुटपुटली.

"झाले, आजी," ती म्हणाली. "वर्षभर उशिरा." आणि पाण्याकडे न बघता लेप ढवळू लागली.

तात्पर्य : मोकळ्या हाताने दिलेलं पुढेही मोकळं राहावं असं वाटत असेल, तर देतानाच तसा शब्द घ्यावा.