दोरीवरचे पाऊल

पूर्वी शालवती नगरीवर दृढसेन राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका रज्जुधराच्या घरी जन्माला आला. रज्जुधर म्हणजे दोरी टाकून जमीन मोजणारा राजाचा अधिकारी. वडिलांमागे ते काम बोधिसत्त्वाकडे आले. लोक त्याला भद्रिक म्हणत.

मोजणीची रीत ठरलेली होती. जमिनीभोवती दोरी ताणायची आणि शेवटची खुंटी ठोकण्याआधी तीनदा पुकारायचे, "ही भूमी कोणाची?" ज्याची असेल त्याने पुढे येऊन दोरीवर पाऊल ठेवायचे आणि 'माझी' म्हणायचे. पाऊल पडले की मोजणी थांबे, मग राजालाही त्या जमिनीला हात लावता येत नसे. कोणी आलेच नाही तर जमीन बेवारस ठरून राजाच्या ताब्यात जाई. रज्जुधराला मात्र दोरीवर पाय ठेवायची सक्त मनाई होती. मागे काही रज्जुधरांनी मोजता मोजता जमिनी गिळल्या होत्या, म्हणून कायदाच झाला होता: रज्जुधराचे पाऊल दोरीवर पडले तर ते तोडावे.

नगरीच्या वेशीबाहेर जुनी राई होती. आंबे, जांभळे, कडुनिंब, आणि मधोमध एक तळे. ती कोणी लावली हे कोणाला ठाऊक नव्हते. म्हातारे तिथे बसत, गुरे पाणी पीत, आणि उन्हाळ्यात तापाची साथ आली की ज्यांच्या घरात वारा शिरत नसे ती माणसे आपले आजारी तिथल्या सावलीत आणून निजवीत. राजाच्या मनात आले की पाहुण्यांसाठी तिथे क्रीडाप्रासाद बांधावा. अर्थमंत्री वसुकेतूने लगेच री ओढली, "महाराज, जागा पडीकच आहे."

नगरी खवळून उठली. दुकाने बंद झाली. सात दिवस लोक राजवाड्यासमोर ठिय्या देऊन बसले. त्यांचा पुढारी होता श्रेष्ठी सुदर्शन, सचोटीसाठी नावाजलेला व्यापारी. आठव्या दिवशी राजा बाहेर आला आणि म्हणाला, "रीतीप्रमाणे मोजणी होऊ दे. एकाचे जरी पाऊल दोरीवर पडले, तरी मी राईला हात लावणार नाही." लोकांनी जयजयकार केला आणि जिंकल्याच्या आनंदात ते घरी गेले.

आता ही शालवतीची माणसे कशी होती तेही सांगितले पाहिजे. दुसऱ्याच्या कुंपणाबाहेर पडलेला आंबासुद्धा ती उचलीत नसत, आणि ही गोष्ट परगावच्या पाहुण्याला दिवसातून दोनदा ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

पहिल्या दिवशी राईचा पूर्वेचा भाग मोजायचा होता. सारी नगरी लोटली होती. बोधिसत्त्वाने दोरी ताणली आणि निश्चिंत मनाने पुकारले, "ही भूमी कोणाची?" एवढी माणसे, कोणीतरी पुढे येईलच, असे त्याला वाटत होते. सगळ्यांनी सुदर्शनाकडे पाहिले. सुदर्शन तळ्याकडे पाहत राहिला. दुसऱ्यांदा पुकारले, तिसऱ्यांदा पुकारले. सगळी नगरी मूग गिळून उभी! बोधिसत्त्वाने खुंटी हातात घेतली आणि एकवार मागे वळून पाहिले. पण रीत ती रीत. त्याने खुंटी ठोकली.

दुपारपर्यंत कुऱ्हाडी आल्या. पूर्वेच्या झाडांखाली तापाने फणफणलेली अकरा माणसे होती. शिपायांनी त्यांना उचलून नगरीच्या तटबंदीच्या कडेला उन्हात ठेवले. सामा नावाची वृद्ध सुईण त्यांच्या तोंडात पाणी घालीत फिरत होती. संध्याकाळपर्यंत दोघे गेले, एक विणकर आणि एक सहा वर्षांची मुलगी. बोधिसत्त्वाने त्या मुलीच्या चितेसाठी लाकडे वाहिली. ती लाकडे राईतलीच होती, ओली होती, नीट पेटत नव्हती.

तिथून तो थेट सुदर्शनाकडे गेला. "श्रेष्ठी, आपण का बोलला नाहीत?"

"काय बोलू?" सुदर्शन कळवळून म्हणाला. "राई माझी आहे असे म्हणू? जन्मात खोटे बोललो नाही मी. उद्या लोक म्हणतील, सुदर्शनाने राई घशात घातली."

"मग ती कोणाची आहे?"

"सगळ्यांची."

"त्या सगळ्यांत आपण नाही का?"

बोधिसत्त्व आणखी वीस घरी गेला. सगळीकडे हेच. वाईट कोणीच नव्हते. प्रत्येकाला लाज वाटत होती आणि प्रत्येकाला दुसरा कोणी पुढे यायला हवा होता. परतताना त्याला आपलाही राग आला. आपणही तर दुसरा कोणीतरी येईल म्हणून वाट पाहत राहिलो आणि शेवटी खुंटी ठोकली.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या भागाभोवती दोरी पडली. राजा स्वतः घोड्यावर बसून आला होता. बोधिसत्त्वाने एकदा पुकारले. कोणी हलले नाही. दुसऱ्यांदा पुकारले. सुदर्शनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पाय मात्र जागचे हलत नव्हते. बोधिसत्त्वाने तिसऱ्यांदा पुकारले. भीती त्यालाही होतीच. मग त्याने उजवे पाऊल उचलून दोरीवर ठेवले.

"माझी," तो म्हणाला. "जशी यांची आहे तशी माझीही."

वसुकेतू ओरडला, "कायदा मोडला!" राजाला रज्जुधर आवडत असे. तो खाली वाकून हळूच म्हणाला, "भद्रिका, पाय घसरला म्हण. पाय मागे घे, खुंटी ठोक. मी विसरून जाईन."

"घसरला नाही, महाराज. मी ठेवला."

तेव्हा कुठे सामा सुईण गर्दीतून वाट काढीत आली आणि तिने आपला भेगाळलेला पाय दोरीवर ठेवला. "माझीपण आहे बाबा," ती म्हणाली. मग सुदर्शन आला, मग कुंभार आले, तेली आले. बघता बघता दोरी दिसेनाशी झाली.

राजा म्हणाला, "मोजणी थांबली. हा भाग तुमचा. पण कायदा मला मोडता येणार नाही." त्याच दुपारी, त्याच जागी, बोधिसत्त्वाचे पाऊल तोडले. जखम सामाने बांधली. पूर्वेला प्रासाद उभा राहिला, पश्चिमेला झाडे राहिली. पुढे बोधिसत्त्वाने कधी दोरी धरली नाही, आणि तापाची साथ आली की पाय दुखतो असे तो म्हणे, नसलेला पाय.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका गावच्या लोकांना सांगितली. त्यांचे गायरान मोजले जाणार होते, आणि ते हात जोडून म्हणत होते, "भन्ते, आम्ही काय करणार? ते कोणा एकाचे थोडेच आहे?"

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळची सामा म्हणजे दाराशी उभी राहून ऐकणारी ही भिक्षुणी. तो राजा आज तुमचा ग्रामाधिपती आहे. सुदर्शन म्हणजे तुमच्यातला हा पांढऱ्या केसांचा गृहस्थ. ते नागरिक तुम्हीच होता. आणि तो रज्जुधर मी होतो."

पांढऱ्या केसांच्या गृहस्थाने खालच्या आवाजात विचारले, "भन्ते, आणि या वेळीही आम्ही उशीर केला तर?"

"तर या वेळीही कोणाचे तरी पाऊल जाईल," शास्ते म्हणाले. "आणि 'घसरला नाही, ठेवला' असे सांगून त्या जन्मी मी पूर्ण केली ती सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."