सहा सदरे

सोलापुरात येमुलांचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना होता. सगळी शिवण तिथल्याच गल्लीतल्या बायकांच्या हातची, हा येमुलांचा हट्ट. त्यांच्याकडून गणवेश घेणाऱ्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष भगवंतराव जाचक यांना हा हट्ट खुपत असे. एके दिवशी ते आले आणि मालकीणबाई राजमणींपुढे त्यांनी सहा पांढरे सदरे टाकले.

"तीन तुमचे, तीन परदेशात शिवलेले. तुमचे ओळखा. नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून शिवण तिकडे होईल."

मशिनी थांबल्या. ही संस्था गेली तर निम्म्या मशिनी कायमच्या झाकाव्या लागणार होत्या. राजमणींनी सदरे उलटसुलट पाहिले. कापड तेच, बटणं तीच.

"मला नाही ओळखता येत," त्या म्हणाल्या.

अध्यक्ष हसले. "मग संपलं."

"शिवणाऱ्यांना तरी बघू द्या."

या संस्थेचे सदरे शिवणाऱ्या शहनाज, कलावती आणि नरसव्वा पुढे आल्या. खिशाची शेवटची टीप बंद करायची प्रत्येकीची रीत वेगळी. तिघींनी खिसे उलटे केले आणि एकेक सदरा उचलला. "हा माझा."

अध्यक्षांनी सदऱ्यांवर आधीच करून ठेवलेली आपली गुप्त खूण तपासली. तिन्ही बरोबर होते.

"असेना," ते म्हणाले, "माल तर सारखाच आहे."

"आहे की," राजमणी म्हणाल्या. "उद्या पोराच्या खांद्याची शिवण उसवली, तर मी या तिघींतल्या एकीला हाक मारीन." त्यांनी उरलेले तीन सदरे अध्यक्षांकडे सरकवले. "यांच्यासाठी तुम्ही कुणाला हाक मारणार? मारा, आम्ही थांबतो."