उभीच बरी

“मग आता सही कशासाठी अडली आहे, बाई?”

डॉ. सौमित्र केळुसकरनं आपला शोधनिबंध टेबलावर पुढे सरकवला. दुपारची वेळ. तपासणीसाठी आलेल्या बायका निघून गेल्या होत्या. पंख्याखाली फक्त तो आणि त्याच्या गुरू, डॉ. शरयू देवस्थळी, एवढेच उरले होते. त्यांना सगळं रुग्णालय ‘बाई’ म्हणे.

बाईंनी चष्मा पुसला. निबंधाला हात लावला नाही.

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर सौमित्रनं किरणोपचाराची नवी पद्धत शोधली होती. कितीतरी आठवडे चालणारे उपचार थोड्याच दिवसांत संपायचे, कारण दर वेळी किरणांची मात्रा मोठी. घरदार, गुरंढोरं टाकून आलेल्या बायका लवकर घरी परतायच्या. निबंध छापून आला की इतर रुग्णालयंही हेच उपचार सुरू करणार होती. बाईंची सही तेवढी राहिली होती.

“वर्षानं तपासायला आलेल्या बायकांत आजार उलटला नाही,” सौमित्र म्हणाला. “आणि ज्याची तुम्हाला धास्ती होती, मूत्राशयाला भोक पडून लघवी गळत राहणं... ते तर एकीलाही नाही!”

“आलेल्या बायकांत.”

“अर्थात.”

“आणि न आलेल्या?”

“त्यांना सोडून दिलं. ज्यांना पाहिलंच नाही त्यांचं काय लिहिणार?”

“का आल्या नसतील?”

सौमित्र हसला. “बाई, आपल्याकडे म्हणच आहे. गरज सरो, वैद्य मरो. बरं वाटलं की कोण कशाला फिरकतंय?”

“बोरखडीची हौसाबाई?”

“ती तर ठणठणीत! वर्षाच्या तपासणीला नाही आली, पण सहाव्या महिन्यात आली होती. खुर्ची पुढे केली, तर बसलीसुद्धा नाही. ‘राहू द्या, उभीच बरी मी,’ म्हणाली. उभ्या उभ्या बोलली आणि गेली. मला मान देत होती बिचारी.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

मग म्हणाल्या, “सही करते. पण हौसाबाईच्या दारात. एसटीनं जाऊ.”

सौमित्रनं मनात म्हटलं, म्हातारपणीची लहर. तासाभराचा तर प्रश्न आहे.

बाई उठल्या. टेबलावरचं तांब्याचं फुलपात्र उचलून त्याच्या खुर्चीपाशी आल्या. आणि त्यातलं पाणी त्याच्या मांडीवर ओतलं. अगदी सावकाश, तुळशीला घालावं तसं.

“बाई!”

“चल. गाडी लागली असेल.”

“निदान पँट तरी बदलू द्या.”

“गाडी थांबायची नाही.”

निबंध बाईंच्या पिशवीत गेला होता. तो आपली बॅग उचलून मुकाट्यानं मागोमाग निघाला.

एसटी अर्धी रिकामी होती. बाई खिडकीशी बसल्या, पदर सावरला आणि बाहेर बघू लागल्या. सौमित्र दांडी धरून उभा राहिला. दुसऱ्या हातानं त्यानं बॅग पुढे धरली.

“बसा की साहेब,” कंडक्टर म्हणाला. “अख्खी गाडी मोकळी हाय.”

“राहू द्या. उभाच बरा आहे मी.”

बोलला आणि त्याचे त्यालाच आपले शब्द ओळखीचे वाटले...

कंडक्टरची नजर बॅगेच्या खाली गेली. “आरं देवा! लांबचा पल्ला असला की आधी जाऊन यावं, साहेब!”

मागच्या बाकावर हशा पिकला. शाळेच्या दोन मुलींनी ओढणी तोंडाशी धरली. कडेला बसलेल्या एका बाईनं आपलं भाजीचं गाठोडं हळूच अलीकडे ओढून घेतलं. ती काही वाईट नव्हती. कुणीही ओढून घेतलंच असतं.

सौमित्र वाकून कुजबुजला, “बाई, सांगा ना त्यांना. नुसतं पाणी आहे म्हणून.”

“तू सांग.”

त्यानं मान वर केली. सगळे त्याच्याकडेच पाहत होते. सांगायला तोंड उघडलं, पण जीभ उचलेना. ‘पाणी आहे’ म्हटलं तरी कोण खरं मानणार होतं?

गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती. प्रत्येक फाट्यावर नवी माणसं चढत होती, आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे नाही, पँटकडे बघत होती.

बोरखडी अजून लांब होती. मधल्याच एका फाट्यावर गाडी थांबली, आणि काही कळायच्या आत सौमित्र खाली उतरला होता.

एक बाभूळ, एक पाण्याची टाकी. माणूस दिसत नव्हतं. त्याला बरं वाटलं.

“अरे, बोरखडी पुढे आहे,” बाई खिडकीतून म्हणाल्या.

“मला माहीत आहे, बाई.” त्याचा आवाज खाली गेला होता. “तुम्ही व्हा पुढे. मला... असं नाही जमणार.”

“सही?”

तो जमिनीकडे बघत राहिला. उन्हानं पँट वाळू लागली होती, तरी बॅग बाजूला करायला त्याचा हात धजेना.

“सही... राहू द्या,” तो म्हणाला.

कंडक्टरनं घंटी मारली. बाईंनी पिशवीतून निबंध काढला, मांडीवर ठेवला आणि पेनचं टोपण उघडलं.

“मग तुझं काय लिहू, सौमित्र? बरं वाटलं, म्हणून आला नाही?”