आत्याच्या चपला

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक मुलगी होती. तिच्या वाडीतून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. त्यामुळे ती एकट्या आईबापांची राहिली नव्हती, सगळ्या गावाची झाली होती.

गाव मोठं मायाळू. मुलगी शाळेला निघाली की ओट्याओट्यावरून एकच प्रश्न, "काय गं, पहिला नंबर येणार न्हवं?" नुसतं विचारून गावाचं समाधान होईना, म्हणून एकेकाने तिच्यासाठी नवस बोलायला सुरुवात केली. शेजारच्या काकूने चहा सोडला. आजोबांनी तंबाखू सोडली आणि ते घरादारावर खेकसायला लागले. आत्याने तर कहरच केला. पोरीचा पहिला नंबर येईपर्यंत पायात चपला घालणार नाही, असं देवीपुढे बोलून ती भर उन्हात अनवाणी फिरू लागली.

मुलीने पुस्तक उघडलं की धड्याऐवजी तिला आत्याच्या भेगाळलेल्या टाचा दिसायच्या. घास घशाखाली उतरेना. सराव परीक्षेत येत असलेली उत्तरंही आठवेनात, हातांना घाम फुटला आणि तिने कोरा पेपर दिला. दृष्ट लागली असेल म्हणून आईने मीठमोहऱ्या उतरून टाकल्या, पण छातीतली धडधड काही जाईना. शेवटी मुलीने मनाशी ठरवलं, परीक्षेला बसायचंच नाही.

एका दुपारी आत्या लंगडत आली. सरपण आणताना पायात बाभळीचा काटा मोडला होता. मुलगी सुई घेऊन काटा काढायला बसली. काटा निघाला तशी आत्या हसून म्हणाली, "तुझ्या नंबरासाठी असलं धा काटं सोसंन मी."

मुलीने सुई खाली ठेवली. बोलावं, तर आत्या दुखावेल. गप्प बसावं, तर जीव गुदमरतोय.

"आत्या, मला भीती वाटते गं," ती रडत म्हणाली. "नंबर नाही आला तर तू काय जन्मभर अशीच फिरणार? मी परीक्षेलाच जाणार नाही."

आत्या आधी चिडली. "देवीला दिलेला शब्द हाय त्यो!" मग तिचं लक्ष पोरीच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे गेलं. इतके दिवस ते तिने पाहिलेच नव्हते. ती तशीच उठली आणि देवळात गेली.

"आई, पोरीच्या भल्यासाठी नवस बोलले, त्यानं पोरगीच वाळाय लागली. माझा शब्द मी माघारी घेते. राग आला तर माझ्यावर काढ."

घरी येऊन तिने माळ्यावरच्या चपला काढल्या आणि धूळ झटकून पायात घातल्या. तिचं बघून संध्याकाळी काकूच्या चुलीवरही चहा उकळला. आजोबांनीही आशेने खिसा चाचपला, तेवढ्यात आजी म्हणाली, "तुमचा नवस ऱ्हाऊ द्या. पोरीसाठी नगं, माझ्यासाठी चालवा!" मुलगी कितीतरी दिवसांनी खळखळून हसली आणि पोटभर जेवली.

तिने परीक्षा दिली. पहिला नंबर आला नाही, वर्गात मधेच कुठेतरी आली. निकाल घेऊन ती तापलेल्या रस्त्याने निघाली, तर समोरून गावची माणसं येत होती आणि सगळ्यांच्या पुढे, चपला फटफट वाजवत आत्या धावत येत होती.

"आत्या, पहिला नाही आला गं."

"पास झालीस न्हवं? मग चल घरी, भूक लागली असंल."

तात्पर्य: आपल्या मायेचं लेकरांना ओझं होऊ देऊ नये, आणि लेकरांनी मनातली भीती आपल्या माणसापाशी बोलून टाकावी.