मोहरीला ऊब मिळेना

डोंगराच्या माथ्यावर एक वाडी होती. वाडीत तानाक्काचं घर होतं. घर लहान, दार लहान, अंगण मात्र भलं मोठं.

तानाक्काकडे एक कोंबडी होती. कोंबडीला पिल्लं होती खूप. सगळ्यात लहान पिल्लाचं नाव मोहरी. मोहरीच्या दाण्याएवढी नव्हती हं ती. लिंबाएवढी होती. पण अक्का लाडानं म्हणायची, मोहरी.

थंडी पडली की कोंबडी पंख पसरायची. पिल्लं आत शिरायची. हा शिरला. ती शिरली. तो पण शिरला. मोहरी लुटुलुटु येईपर्यंत पंख भरून जायचे.

"आई, सरक ना."

"कुठे सरकू गं? पंख आहेत माझे, मांडव नाही."

मग मोहरी कुठे बसायची? चुलीपाशी. आणि चूल तरी कशी? ते आधी ऐका.

तानाक्काची जुनी चूल होती मातीची. पेटली की घरभर धूर. अक्का खोकायची, खॉक खॉक. मोहरी शिंकायची, चिंक् चिंक्. शेवटी अक्का बाजारात गेली. टोपलीत बसून मोहरीपण गेली.

रामलिंगशेटच्या दुकानात चुलीच चुली. उंच चूल. रुंद चूल. फुलं काढलेली चकचकीत चूल.

अक्का म्हणाली, "शेटजी, ती सगळ्यात मोठी द्या."

दुसरा कोणी असता तर लगेच दोरी बांधून मोकळा झाला असता. रामलिंगशेटनं मान हलवली.

"अक्का, मागे एका पाव्हण्यानं तीच नेली. घरात चूल मावली, माणसं अंगणात बसली."

"मग ती फुलांची द्या."

"फुलं बघायला झकास. पण फुलांवर भाकरी भाजत नाही."

शेटनं कोपऱ्यातली एक चूल पुढे ओढली. काळी, बुटकी, लोखंडाची. बोटानं वाजवली. टण टण.

"तुमचं घर लहान. तुम्हाला ही. तोंड लहान, पोट खोल, नाक लांब."

"एवढं लांब नाक कशाला हो?"

"धूर जायला. नाकातून वर, छपराच्या बाहेर. घरात राहते ती नुसती ऊब."

"आणि खाते किती?"

"पाखराएवढं. पण काय द्यायचं ते ध्यानात ठेवा. बारीक द्या, सुकं द्या, थोडं थोडं द्या."

टोपलीतून मोहरी म्हणाली, "चिंव." म्हणजे हीच घ्या.

चूल घरी आली. अक्कानं तिच्या तोंडात ढलप्या घातल्या. ढलप्या म्हणजे लाकडाचे बारीक बारीक तुकडे. पोटाखालची छोटी खिडकी उघडली. काडी ओढली. फुर्र! चूल पेटली. धूर नाकातून वर गेला. खोकला नाही, शिंक नाही. भाकरी टम्म फुगली. मोहरी चुलीच्या पायाशी बसली. डावी बाजू ऊन झाली. मग वळली. उजवी बाजू ऊन झाली. मग झोपली.

एवढी चांगली चूल. वाडीला कळल्याशिवाय राहते होय?

संध्याकाळी बायजाकाकू आल्या. चुलीभोवती फिरल्या. "अगंबाई, धूर कुठाय?"

अक्का म्हणाली, "नाकातून गेला. बघा." आणि मूठभर ढलप्या घातल्या. फुर्र.

काकू म्हणाल्या, "परत दाखव."

अक्कानं परत दाखवलं. फुर्र. मग काकूंची सून आली. तिला दाखवलं. फुर्र. मग खालच्या आळीची माणसं आली. फुर्र, फुर्र, फुर्र. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळे आपापल्या घरी गेले.

ढलप्या संपल्या.

सकाळ झाली. गारेगार सकाळ. गवत पांढरं. मोहरी लुटुलुटु चुलीपाशी गेली. डावी बाजू लावली. गार. उजवी बाजू लावली. गार.

मोहरीची ऊब हरवली.

मोहरी म्हणाली,

"चूलबाई, चूलबाई, पेट ना.
मोहरीला ऊब मिळेना."

चूल म्हणाली, "माझं तोंड उघडं, माझं पोट रिकामं. मी नाही पेटायची. ढलप्या आण, मग पेटेन."

मोहरी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

अंगणात होता ओंडका. जाडजूड, सुका खडंग. म्हणाला, "मी कोण ठाऊक आहे का? मी जांभळाचं झाड होतो. माझ्यावर माकडं नाचायची."

मोहरी म्हणाली,

"ओंडकेबुवा, ओंडकेबुवा, फूट ना.
चूल पेटेना,
मोहरीला ऊब मिळेना."

ओंडका म्हणाला, "असा कसा फुटू? मी नाही फुटायचा. कुऱ्हाड आण, मग फुटेन."

मोहरी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

भिंतीला टेकून होती कुऱ्हाड. लांब दांड्याची.

मोहरी म्हणाली,

"कुऱ्हाडताई, कुऱ्हाडताई, चाल ना.
ओंडका फुटेना,
चूल पेटेना,
मोहरीला ऊब मिळेना."

कुऱ्हाड म्हणाली, "माझं पातं बघ. लोणीसुद्धा कापायचं नाही. मी नाही चालायची. धार आण, मग चालेन."

मोहरी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

पायरीशी होता धारेचा दगड. घोरत होता. घुर्र घुर्र.

मोहरीनं चोच मारली. टुक टुक. दगड जागा झाला.

मोहरी म्हणाली,

"दगडोबा, दगडोबा, घास ना.
कुऱ्हाड चालेना,
ओंडका फुटेना,
चूल पेटेना,
मोहरीला ऊब मिळेना."

दगड म्हणाला, "कोरड्या अंगानं घासू? ठिणग्या उडतील. मी नाही घासायचा. पाणी आण, मग घासेन." आणि पुन्हा घोरला. घुर्र घुर्र.

मोहरी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

तिवईवर होती घागर. पितळेची, गोल गोल. गळ्यापर्यंत भरलेली.

मोहरी म्हणाली,

"घागरकाकू, घागरकाकू, वाक ना.
दगड घासेना,
कुऱ्हाड चालेना,
ओंडका फुटेना,
चूल पेटेना,
मोहरीला ऊब मिळेना."

घागर म्हणाली, "डुबुक. एवढं पोट घेऊन वाकू कशी गं बाई? मी नाही वाकायची. हात आण, मग वाकेन."

हात? हात कोणाला असतात? कोंबडीला नसतात. ओंडक्याला नसतात. हात असतात तानाक्काला.

मोहरी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. थंडीनं तिची पिसं उभी राहिली. चोच वाजायला लागली. टिक टिक टिक.

तानाक्का गोधडीत होती. गोधडीतून नाक बाहेर. आणि एक हात बाहेर.

मोहरी म्हणाली,

"तानाक्का, तानाक्का, ऊठ ना.
घागर वाकेना,
दगड घासेना,
कुऱ्हाड चालेना,
ओंडका फुटेना,
चूल पेटेना,
मोहरीला ऊब मिळेना."

अक्का म्हणाली, "हुडहुडहुड. मोहरे, माझी बोटं बघ. गारठून काड्या झाल्यात. मी नाही उठायची. ऊब आण, मग उठेन."

ऊब आण?

मोहरी मटकन खाली बसली.

ऊब आणायची तर चूल पेटायला हवी. चूल पेटायची तर अक्का उठायला हवी. अक्का उठायची तर ऊब आणायला हवी. मोहरी गोल फिरली. एकदा फिरली, पुन्हा फिरली. जिथे होती तिथेच आली.

आता कोणाकडे जायचं? कोणीच उरलं नाही.

मोहरीनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग स्वतःकडे पाहिलं. मोहरीपाशी होतं काय? इवलीशी पिसं. पिसांखाली इवलंसं पोट. आणि पोटात, अगदी आत, इवलीशी ऊब.

इवलीशीच. पण होती.

मोहरी अक्काच्या हातावर चढली. तळव्याच्या मधोमध बसली. पिसं फुलवली. डोळे मिटले.

तळवा गार होता. मोहरीला कापरं भरलं. ती हलली नाही.

मग करंगळी हलली. शेजारचं बोट हललं. मधलं बोट हललं. अंगठ्याजवळचं बोट हललं. शेवटी अंगठा हलला, आळशी कुठला. पाचही बोटं मोहरीभोवती हळूच मिटली.

"अगंबाई," तानाक्का म्हणाली, "केवढी ऊन आहेस गं तू."

आणि तानाक्का उठली.

ऊब आली, अक्का उठली.

हात आले, घागर वाकली. डुबुक डुबुक.

पाणी आलं, दगड घासला. घिस घिस, घिस घिस. घोरणं थांबलं एकदाचं.

धार आली, कुऱ्हाड चालली. खट् खट्.

कुऱ्हाड आली, ओंडका फुटला. फाट्! "हळू हळू," ओंडका म्हणाला, "मी जांभळाचं झाड होतो." अक्का म्हणाली, "म्हणून तर तुझी ऊब टिकते रे बाबा." ओंडका खूश झाला. फाट् फाट् फाट्.

ढलप्याच ढलप्या. अक्कानं त्या चुलीकडे नेल्या. बारीक दिल्या, सुक्या दिल्या, थोड्या थोड्या दिल्या. खिडकी उघडली. काडी ओढली.

ढलप्या आल्या, चूल पेटली. फुर्र!

धूर नाकातून वर गेला. छपराच्या बाहेर. आभाळात.

आणि मोहरीला? थांबा. अक्कानं पदराची घडी केली. घडी चुलीच्या पायाशी ठेवली. घडीवर मोहरीला ठेवलं.

"पहिली ऊब कोणाची?" अक्का म्हणाली. "मोहरीची. मग माझ्या हातांची. मग भाकरीची."

मोहरीची डावी बाजू ऊन झाली. मोहरी वळली. उजवी बाजू ऊन झाली.

मोहरीला ऊब मिळाली.

इतक्यात दारात बायजाकाकू. सोबत त्यांची नणंद, लांबच्या गावाहून आलेली.

"तानाक्का, हिला चूल दाखव गं. ते फुर्र करून दाखव."

अक्का म्हणाली, "दाखवणं कालच संपलं, काकू. बसा आणि शेका. थोडं बोला, हळू बोला. मोहरी डुलक्या घेतेय."

काकू बसल्या. नणंद बसली. चुलीकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, "तोंड लहान आहे नाही हिचं?"

"पोट खोल," अक्का म्हणाली.

"आणि नाक लांब," काकू म्हणाल्या.

नणंदेनं विचारलं, "कोणाच्या दुकानातून आणलीत?"

आणि त्या आठवड्यात रामलिंगशेटच्या दुकानातून अशीच एक बुटकी काळी चूल लांबच्या गावाला गेली. शेट शहाणा. त्याला ठाऊकच होतं. नेमकी चूल दिली की ती स्वतःच पुढचं गिऱ्हाईक बोलावते.

त्या दिवसापासून तानाक्का निजायच्या आधी एक काम करायची. टोपलीभर ढलप्या चुलीशेजारी ठेवायची. पाव्हणे येवोत, रावळे येवोत, त्या टोपलीला हात नाही. ती टोपली सकाळची.

आणि कोंबडी? त्या सकाळी कोंबडी दारातून बघत होती. पंख भरलेले, पाय गारठलेले. शेवटी आली. मागून पिल्लं आली. हा आला. ती आली. तो पण आला.

कोंबडी म्हणाली, "मोहरी, सरक ना."

मोहरीनं एक डोळा उघडला. "कुठे सरकू गं आई? घडी आहे माझी, मांडव नाही."

पण सरकली हं. इवलीशी सरकली. आणि त्या इवल्याशा जागेत सगळे मावले.

चूल तापली, मोहरी निजली, भाकरी फुगली.

आता तू तुझा हात दे बघू. गार आहे? माझ्या हातात ठेव. करंगळी हलली? शेजारचं बोट हललं? मधलं बोट हललं? अंगठ्याजवळचं हललं? अंगठा हलला?

मग मिटू या पाचही बोटं. हळूच.