शिंपिणीची जाई

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात एक शिंपीण राहायची. गावातल्या नवरीची चोळी तिच्याच हातची हवी, असा रिवाजच पडून गेला होता.

तिच्या परसात जाईची एक जुनी वेल होती. शिंपीण सासरी निघाली तेव्हा आईनं ओल्या फडक्यात गुंडाळून जाईची फांदी तिच्या ओटीत घातली होती. तीच फांदी इथं वाढली. पुढं आई गेली, माहेरचं घर दुसऱ्याचं झालं. पण संध्याकाळी जाई उमलली, की शिंपिणीला वाटायचं, आता आई मागच्या दारातून हाक मारील.

वय झालं, नजर अधू झाली, शिवण कमी झालं. आता परसात बसायला एक ओटा असावा, भोवती फुलझाडं असावीत, असं तिच्या मनात आलं. तिनं गावातल्याच रखमाजी माळ्याला बोलावलं.

रखमाजीनं परस फिरून पाहिलं. "ओटा इथं भिंतीलगत छान होईल, ताई. पण वेल जरा पलीकडं न्यावी लागेल."

"न्या. पण जपून हं, दादा. माझं सगळं माहेर त्या वेलीत आहे."

रखमाजीनं वेल हलवली. थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडली, मग खोडही वाळलं. एका सकाळी तो खाली मान घालून दारात उभा राहिला.

"ताई, वेल गेली. खणताना माझ्या कुदळीचा घाव मुळावर बसला. चूक माझीच."

शिंपीण कळवळली. "पुन्हा माझ्या दारात येऊ नका," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन रडली.

काम तर अर्धवट पडलेलं. मग तिनं शहरातला एक बागवाला बोलावला. त्याची वाणी गोड, आणि सोबत गाडीभर फुललेली रोपं. बघता बघता परस रंगांनी भरलं. शेजारणी बघायला आल्या. शिंपीणही सुखावली, पण संध्याकाळ झाली की तिचे डोळे सवयीनं त्या मोकळ्या भिंतीकडं वळायचे.

"काय बघताय, काकू?" बागवाल्यानं विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. तो हसला.

"भोळाच दिसतो तो माळी! मी असतो तर गुपचूप दुसरी जाई आणून लावली असती. तुम्हाला कळलंसुद्धा नसतं!"

कुणा परक्या वेलीला आईची समजून आपण रोज तिच्याखाली बसलो असतो, या विचारानं शिंपिणीच्या अंगावर काटा आला.

"खरंच, कळलं नसतं मला," ती म्हणाली. "म्हणूनच उद्यापासून तुम्ही येऊ नका."

ती तशीच उठून रखमाजीच्या घरी गेली. तो वांग्याच्या रोपांना पाणी घालत होता.

"दादा, रागाच्या भरात बोलले मी. ओटा तुम्हीच पुरा करा."

"करतो, ताई. पण गेलेली वेल माझ्याच्यानं परत आणवणार नाही."

"ठाऊक आहे."

रखमाजीनं हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "एक विचारू? तुमच्या आईनं आणखी कुणाला फांदी दिली होती?"

शिंपीण त्याच्याकडं बघतच राहिली आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. "कुणाला दिली नाही ते विचारा! कुणी नवं घर बांधलं, दिली फांदी. कुणाची लेक सासरी निघाली, दिली फांदी!"

"मग चला तुमच्या माहेरी."

बैलगाडी त्या आळीत शिरली. माहेरचं घर ओळखूही येत नव्हतं. पण शेजारच्या भिंतीवर, पलीकडच्या माडीवर, जिकडंतिकडं जाई चढली होती. एका म्हाताऱ्या शेजारणीनं शिंपिणीचा चेहरा चाचपून पाहिला.

"तू तिचीच ना गं लेक? ने बाई, हवी तेवढी ने. ही तुझ्या आईचीच जाई."

रखमाजीनं मूळ धरलेला एक कोंब मातीसकट अलगद काढला. परतताना कोंब मांडीवर घेऊन शिंपीण वाटभर आईच्या गोष्टी सांगत होती, आणि रखमाजी ऐकत होता.

पुढच्या पावसाळ्यात वेल फुलली. रखमाजीनं भीत भीत विचारलं, "वास तोच आहे ना, ताई?"

शिंपिणीनं डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"तोच आहे, दादा."

तात्पर्य एवढंच: हातून झालेली चूक जो तोंडावर सांगतो, त्याच्याच हाती आपलं जिवापाड जपलेलं सोपवावं. गोड बोलून चूक झाकणारा आपलं काय हरवलं, हेही आपल्याला कळू देत नाही.